गंजाच्या पट्टीवरचे बुडबुडे

कॉलेजची प्रयोगशाळा दुरुस्तीला काढली, तेव्हा मी काम घेऊन मुरुडला आत्याकडे राहायला गेले. आतोबा मासेमारीला गेले ते परतले नव्हते. होडी उलटी सापडली, ते नाहीत. घरचे म्हणत होते, दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ. आत्या ऐकेना. "मानूस मिळाला न्हाय, तर गेला कसा?"

माझं काम लोखंडाच्या ऑक्साइडवर, म्हणजे साध्या गंजावरच. काचपट्टीवर त्याचा थर चढवून ती पाण्यात उभी करायची. ऊन आणि थोडी वीज मिळाली की पाणी फुटून वायू सुटतो. मी आणलेल्या दोन पट्ट्यांवर गंज तोच, पण स्फटिकांची बाहेर आलेली बाजू वेगवेगळी. त्या बाजूवर अणू कसे मांडलेत, यावर सगळं ठरतं. एकीवर पाणी फुटायचं, दुसरीवर नुसतं टेकून राहायचं.

दुपारी ओटीवर उन्हात दोन बरण्या मांडल्या, प्रत्येकीत एक पट्टी उभी केली आणि बॅटरीच्या तारा जोडल्या. आत्या शेजारी बसली.

"हात लावू नकोस, कॉस्टिक सोड्याचं पाणी आहे, भाजेल."

एका बरणीत बारीक बुडबुडे चढायला लागले. दुसरी गप्प.

"दोन्हींत गंज येकच?"

"एकच. वरची बाजू तेवढी वेगळी."

ती वाकून बघत राहिली. "ह्यो दम टाकतोय."

तेवढ्यात आभाळ भरून आलं, ओटी काळवंडली. मी तारा काढल्या. बुडबुडे थांबले नाहीत. एक सुटायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. विरघळलेला वायू निघत असणार, असं मी मनाशी म्हटलं.

"अहो, थंडी हाय का तिकडं?" आत्यानं बरणीला विचारलं.

एक बुडबुडा सुटला.

"येकलेच हाव?"

पुन्हा एक. बरणी उचलावीशी वाटली, पण हात पुढे जाईना. आत्या हळू आवाजात बोलत राहिली, घरात जेवायला वाढताना बोलावं तशी. मग पाणी निवळलं. तिनं वाट पाहिली, पुन्हा हाक मारली. काही नाही.

"गेले," ती म्हणाली. उठून आत गेली आणि दिराला सांगितलं, "भटजींना बोलवा."

अग्नी दिला, दिवस झाले. त्या दिवसांत आत्या पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

प्रयोगशाळा उघडल्यावर मी तीच पट्टी, तसंच पाणी घेऊन कितीदा तरी उन्हाऐवजी लावलेला दिवा घालवून, तारा काढून पाहिलं. दर वेळी बुडबुडे लगेच थांबले.