दत्तारामचं कोपर

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तर सीमेवर होती. आमच्या वाट्याला सगळ्यात वरची चौकी आली. मी हवालदार, सेक्शन कमांडर. गाव वेळणेश्वर. माझ्या सेक्शनमध्ये नाईक दत्ताराम होता, हेदवीचा. कामाच्या वेळी हिंदी, पण दोघंच असलो की गावचं बोलायचो. तेव्हा तो मला दादा म्हणायचा.

गोळीबार क्वचित व्हायचा. रोजचं भांडण बर्फाशी. पहाटे हत्यार घेऊन सज्ज राहायचं स्टँड-टू झालं की पाण्यासाठी बर्फ फोडायचा, रॉकेलचे जेरीकॅन ओढायचे, वाऱ्याने उखडलेले तारेचे खुंट हातोड्याने परत ठोकायचे. दत्ताराम अंगाने दणकट. जड काम त्याच्याकडेच जायचं आणि तो ते निमूट करायचा.

एका सकाळी त्याच्या हातातून चहाचा मग पडला.

"काय झालं रे?"

"कोपराच्या भायेरनं कळ येते, दादा. काय धरवत नाय."

चौकीवर डॉक्टर नसतो, नर्सिंग असिस्टंट असतो. आमचा बिहारचा होता, कामाला चोख. त्याने दत्तारामला मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून दाब दिला. दत्तारामने ओठ चावला.

"टेनिस एल्बो," नर्सिंग असिस्टंट म्हणाला.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका चिवट पट्टीने जोडलेले असतात. तिला कंडरा म्हणतात. तेच तेच जड काम होत राहिलं आणि उसंत मिळाली नाही की ती कंडरा झिजते. मग वस्तू उचलताना कळ येते आणि पकड जाते. टेनिस खेळणाऱ्यांना होतं म्हणून नाव तसं पडलं. होतं मात्र गवंड्याला, सुताराला, जाळं ओढणाऱ्यालाही. उपाय मोठा नव्हता. कुऱ्हाड-हातोडा बंद. उचलायचंच तर तळवा वर ठेवून. कोपराखाली पट्टा. कळ उतरली की हलक्या वजनाने हळूहळू ताकद आणायची.

"गोळीने फक्त कळ दबेल," तो म्हणाला. "याला लाइट ड्युटी द्या."

मी दत्तारामला घेऊन चौकीच्या सुभेदार साहेबांकडे गेलो. ते पुरी खात होते.

"टेनिस?" ते म्हणाले. "कोणत्या क्लबात खेळतो हा? रॅकेट मागवू का त्याला?"

बंकरमधले सगळे हसले. दत्तारामही हसला, कारण न हसून चाललं नसतं. ते हसणं आठवलं की मला आजही शिसारी येते. सूज नाही, रक्त नाही, म्हणजे बहाणा, असा साहेबांचा हिशोब. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला 'चॅम्पियन' म्हणू लागले आणि बर्फ फोडायला मुद्दाम त्यालाच लावू लागले.

मार्चात दत्ताराम शिमग्याच्या सुट्टीवर जाऊन आला. एप्रिलात खालच्या चौकीवरून रेशन आणायचं होतं. वाटेत बर्फाचा तिरपा उतार, त्यावर दोर बांधलेला. साहेबांनी पार्टीत दत्तारामचं नाव घेतलं.

"साहेब, त्याच्या हाताला पकड नाही. त्याला सोडून दुसरा कोणीही द्या."

"चॅम्पियनच जाईल. ऑर्डर आहे."

जाताना काही झालं नाही. परतताना पाठीवर ओझं होतं. दत्ताराम माझ्या पुढे. एक दोर संपतो आणि दुसरा सुरू होतो तिथे कमरेचा हुक काढून पुढच्या दोरात अडकवावा लागतो. तेवढा वेळ माणूस फक्त हाताच्या पकडीवर असतो. त्याने डाव्या हाताने हुक काढला, उजव्याने दोर धरला. पायाखालचा बर्फ थोडासाच खचला. त्याची बोटं उघडताना मी पाहिली. मी झेप घेतली, माझ्या हाती काही लागलं नाही. तो ओरडला नाही.

मी वायरलेस सेट उघडला.

"पोस्ट, मी रेशन पार्टी. एक कॅज्युअल्टी. नाईक दत्ताराम. ओव्हर."

मग साहेबांचा आवाज. "पाय घसरला का? ओव्हर."

"नाही. हात सुटला. ओव्हर."

"पाय घसरला. समजलं? आउट."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला वर आणलं.

निवृत्तीनंतर मी रत्नागिरीजवळ राहायला आलो. कलमांच्या बागेभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, स्वतः घातला आणि माझंही कोपर धरलं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, टेनिस खेळायला लागलात वाटतं." मी ताटावरून उठलो. शेजारच्याने डाग द्यायला सांगितलं, तापल्या लोखंडाने. दुसऱ्याने इंजेक्शनांचं नाव काढलं. मी शहरात एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, इंजेक्शनने लवकर आराम पडतो, पण पुष्कळदा दुखणं परत येतं. त्यांनी पट्टा दिला, पहार सोडायला लावली आणि पाण्याची बाटली मुठीत धरून मनगट सावकाश खाली सोडायचा व्यायाम शिकवला. पावसाळा सरेपर्यंत मी बरा झालो. आराम, पट्टा, पाण्याची बाटली. एवढंच लागत होतं. बरं वाटण्यापेक्षा मला किळसच जास्त आली.

गेल्या वर्षी हेदवीत दत्तारामच्या नावाने कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे आमचे सुभेदार साहेब. छातीवर मेडल, गळ्यात हार.

"असा जवान होणे नाही," ते माइकवर म्हणाले. "कधी तक्रार केली नाही त्याने."

मी उभा राहिलो. "तक्रार केली होती, साहेब. हात दुखतो म्हणाला होता. तुम्ही त्याला रॅकेट देत होतात."

साहेब ग्लास उचलून पाणी प्यायले आणि त्यांनी भाषण पुढे चालू ठेवलं. देशभक्तीवर.

कार्यक्रम आटोपल्यावर दत्तारामची बायको, सुनंदा वहिनी, माझ्याजवळ आल्या.

"शेवटच्या सुट्टीला शिमग्यात आले होते," त्या म्हणाल्या. "नमनाच्या खेळात दरवर्षी मृदंग त्यांचाच. त्या वर्षी मांडीवर घेतला, दोन थापा मारल्या नि खाली ठेवला. लोक म्हणाले, फौजेत जाऊन मोठा झाला, आता कशाला वाजवील. मलापण तसंच वाटलं हो. रुसले होते मी त्यांच्यावर."

त्यांनी दत्तारामच्या फोटोवरचा हार सरळ केला.

"हात दुखत होता होय," त्या म्हणाल्या.