गोदामाच्या फरशीवरची सुगंधा

स्केटबोर्डावर पाय ठेवण्याआधी सुगंधा अर्धी बाटली पाणी प्यायची आणि आम्हा सगळ्यांना खोळंबून ठेवायची. "घाई असंन तं तुमी जा," म्हणायची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. पाणी कमी पडलं, थंडी लागली, की हाडं आतून ठणकायची. हिंगणीची गोंड मुलगी. वर्ध्याला वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. कुणी कीव केली की चिडायची. "दुखते तं दुखते. मंग बसून काऊन दुखू देऊ?"

नालवाडीतल्या एका बंद गोदामाच्या फरशीवर आम्ही पाच जण स्केटबोर्ड चालवायचो. तिथंच निखिल आणि त्याचे मित्र स्पीकर लावून रॅप करायचे. आमच्या खडखडाटानं त्यांचं रेकॉर्डिंग बिघडायचं, त्यांच्या घोळक्यामुळे आमची वाट अडायची. एका संध्याकाळी माझी कॉलर निखिलच्या हातात होती. सुगंधानं सरळ जाऊन स्पीकर बंद केला. "भांडून कायले राह्यले? आधी आइक," असं त्याला म्हणून ती बोर्डावर चढून सुटली. फरशीच्या दर सांध्यावर चाकं वाजत गेली, खट-खट, खट-खट. परत येताना त्याच ठेक्यावर ती गोंडीत काहीतरी म्हणत आली. निखिलची मूठ सुटली. "अजून एकडाव जाय ना व," तो म्हणाला.

त्यानंतर फरशी दोन्ही गटांची झाली. निखिल बोर्डावरून पडून कोपरं फोडून घ्यायचा, मी बेताल ओळी म्हणायचो, आणि सुगंधा दोघांनाही मनसोक्त हसायची.

आमचा स्केटबोर्ड आणि रॅपचा पहिला जाहीर कार्यक्रम जानेवारीत ठरला. त्या दिवशी बोचरा गारठा होता. सुरू होण्याआधी ती भिंतीला टेकून गुडघे चोळताना मला दिसली.

"जमेल ना?"

"जमते."

जमत नव्हतं, हे मला कळत होतं. पण तिच्याशिवाय कार्यक्रम झालाच नसता, म्हणून मी पुढं काही विचारलं नाही. ती शेवटपर्यंत फिरली, गायली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

तिचा बोर्ड द्यायला मी आणि निखिल हिंगणीला गेलो. तिची आई अंगणात बाजारासाठी वांगी निवडत होती. लेकीला बोर्डावर तिनं कधीच पाहिलं नव्हतं. निखिलनं मोबाइलवर कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला. तिनं हात पदराला पुसून फोन घेतला आणि सगळं पाहिलं.

"चांगली दिसे माई पोरगी," म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबू, हे झाल्यावर तिले होस्टेलवर कोनं नेऊन सोडलं?"

त्या वेळी आम्ही लोकांबरोबर फोटो काढून घेत होतो. सुगंधा एकटीच ऑटोत बसून गेली होती.

"कोणीच नाही, मावशी," मी म्हणालो.

तिनं फोन माझ्या हातात ठेवला आणि पुन्हा वांगी निवडायला बसली.