तीन गाड्यांचा अबोल नवरदेव

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधाराने लग्न जमवू नये. हे मी पाणीपट्टी विभागात सव्वीस वर्षं काढलेली, पूर्ण शुद्धीवर असलेली बाई म्हणून सांगते.

दोष आमच्या प्रज्ञाचा. माझी भाची, दादाची मुलगी, एमए इंग्रजी. परीक्षेआधी ती मला रोज एक कादंबरी मराठीत सांगायची आणि मी ऐकता ऐकता भाकऱ्या थापायचे. अशा चौदा कादंबऱ्या मी थापल्या. (करपल्या तीन.) त्यांतून मला विलायतेचं सगळं गणित कळलं. तिथं बाईला इस्टेट मिळत नाही, बापाचं घर कुठल्यातरी लांबच्या चुलतभावाला जातं, म्हणून शहाणी मुलगी इस्टेटवाला नवरा बघते. तो ओळखायचा कसा? जो घुम्यासारखा उभा राहतो, बाहेर बघत बसतो आणि चहाला नको म्हणतो, तो खरा. जो हसून बोलतो, आईची पिशवी उचलतो, तो लफंगा. शेवटच्या भागात कुणाचे तरी पैसे घेऊन पळणार!

आणि बिनलग्नाची आत्या? तिच्याकडे पैसा असला तर सगळं घर तिला विचारून शिंकतं. नसला तर ती कोपऱ्यात विणत बसते. मला विणता येत नाही, म्हणून मी स्वतःला पहिल्या प्रकारात घातलं.

प्रज्ञाला पाहायला पाहुणे यायचे होते. तिने मला आदल्या दिवशीच हात जोडले. "आत्या, सुमेध फोनवर चांगला बोललाय. लग्नानंतर पीएचडी कर म्हणतोय. असा दुसरा मिळायचा नाही. तू फक्त पोहे दे आणि गप्प बस."

"मी कशाला बोलतेय?" मी म्हणाले.

नेमकी त्या दिवशी साहेबांनी हाफ-डे दिली नाही. आमच्या कामतघर वस्तीत घरी पोचेपर्यंत पाऊण तास उशीर. ओळखीपाळखी होऊन गेल्या होत्या. बायोडेटावरचा मुलाचा फोटो पदवीदानाचा. त्यात चेहऱ्यापेक्षा टोपी जास्त होती. व्यवसाय या रकान्यात नुसतं 'नोकरी'.

आमच्या गॅलरीत एक उंच माणूस उभा. पांढराशुभ्र शर्ट, हाताची घडी, कपाळाला आठ्या, नजर खाली गल्लीत.

"जय भीम. आत बसा ना," मी म्हणाले.

"नको."

"चहा?"

"न्हाय."

माझं काळीज शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमसारखं खटखट करायला लागलं.

"खाली गाडी उभीय, ती तुमचीच का?"

"हां."

"एकच?"

"तीन हायत."

"आणि कामकाज कुठं?"

"दापोड्याला. दोन गोदामं हायत तिकडं." हे सगळं त्याने मान न वळवता सांगितलं. तीन गाड्या, दोन गोदामं, आणि बायोडेटात 'नोकरी'! केवढा तो विनय.

आत गेले तर एक गोरटेला पोरगा टुणकन उठला. "आत्या, या, इथं बसा. उन्हातून आलात. पाणी आणू?"

आमच्याच घरात मला पाणी विचारतो! लफंगा सापडला. नवरदेवाचा चुलतभाऊ असणार.

मी कामाला लागले. गॅलरीतल्या साहेबांना दंडाला धरून आत आणलं, पंख्याखाली दादाच्या खुर्चीत बसवलं. पोह्यांची पहिली बशी त्यांना. त्यावर खोबरंही जास्त. लफंग्याच्या चपला दाराआड टाकल्या आणि त्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"तुम्ही फार गोड बोलता."

"सवय आहे, आत्या."

"असे गोड बोलणारे शेवटी पळून जातात."

"पळणार कसा? माझ्या चपला तुम्ही आत्ताच दाराआड टाकल्यात."

उत्तर तयार होतं. म्हणजे मुरलेला होता. मी बाहेर आले, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "आमच्याकडून पसंती आहे. प्रज्ञा, यांना गॅलरीत घेऊन जा. दोघं मोकळेपणाने बोला." आणि पंख्याखालच्या साहेबांच्या बशीत एक गुलाबजाम ठेवला.

शेजारच्या कारखान्याचे लूम नेमके तेव्हाच थांबले. कामतघरात असं दोनच वेळा होतं: लाइट गेल्यावर आणि आमची अब्रू जाताना.

साहेब उठून उभे राहिले. "बाई, माझं लगीन झालंय."

आता इंग्रजी कादंबरीत ऐन वेळी पहिली बायको निघतेच! मी अजिबात डगमगले नाही. "मला वाटलंच. कुठं लपवून ठेवलीय तिला?"

"लपवली न्हाय. दापोड्याला हाय. भाकऱ्या भाजत असंल."

"ताई," वहिनी दातांतल्या दातांत म्हणाली, "ते यांच्या भाड्याच्या गाडीचे ड्रायव्हर आहेत. तीन गाड्या, गोदामं, सगळं त्यांच्या मालकाचं. सुमेध तो, तुमच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन उभाय."

गॅलरीतून ते इतक्या गंभीरपणे काय बघत होते, तेही तेव्हाच कळलं. खाली टेम्पोतून लूमवर चढवायचे सुताचे बीम, सूत गुंडाळलेले अवजड रूळ, उतरत होते आणि मालकाच्या गाडीला ओरखडा जाईल म्हणून त्यांचा जीव वर-खाली होत होता.

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. चौदा कादंबऱ्यांत असं कुणी कुणाकडे पाहिलेलं नाही. तिचे डोळे भरले होते, आणि पीएचडी जिन्यावरून उतरताना मला स्पष्ट दिसत होती.

सुमेधच्या आईने बशी खाली ठेवली. "आजवर सात घरं बघितली," ती म्हणाली. "सगळीकडे ड्रायव्हरदादा खाली उपाशी. या घरात त्यांना हाताला धरून आणलं, आमच्या मुलाआधी पोहे दिले. समता बोलायला सगळेच बोलतात, ताई. तुम्ही करून दाखवलीत. लग्न इथंच."

मी नम्रपणे मान खाली घातली. खरं सांगायची ती वेळ नव्हती. (अजूनही आलेली नाही.) सुमेधने मला पाण्याचा ग्लास दिला आणि हळूच विचारलं, "आत्या, चपला काढू का बाहेर?"

लग्नात ड्रायव्हरदादा बायकोला घेऊन आले. तिने मला नखशिखांत न्याहाळलं. "ह्याच का त्या गुलाबजामवाल्या?" असं नवऱ्याला विचारलं, आणि जेवताना त्याला माझ्यापासून तीन खुर्च्या लांब बसवलं. माझ्यामुळे कुणाचा संसार मोडेल अशी भीती आजवर कुणालाही वाटली नव्हती. त्या दिवशी मी तीन वेळा उगाचच त्यांच्या खुर्चीपुढून गेले.