सबनीसांच्या गाडीचा ताप

लवू शिगवणला हात जोडायची सवय नव्हती. देवापुढे नाही, गिऱ्हाइकापुढे तर नाहीच. गुहागरकडून तो लालबागला आला, टॅक्सीच्या एका गॅरेजात बारा वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढली आणि अठ्ठ्याऐंशी साली वरसावे पुलाच्या अलीकडे चार पत्रे ठोकून स्वतःचं गॅरेज टाकलं. हात सोन्याचा, तोंड गटाराचं. त्याची बायको आशा म्हणायची, "तुमच्या जिभेमुळे गिऱ्हाइकं पुलावरूनच परत फिरतात." लवू म्हणायचा, "फिरू देत. ठाण्याला जाऊन लुटून घेतील."

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात एका दुपारी कौस्तुभ सबनीस आले. बँकेतले अधिकारी, दादर सोडून जेसल पार्कात राहायला आलेले. सोबत त्यांची बायको सुचेता. सेकंडहॅन्ड गाडीचा टेंपरेचरचा काटा दोन महिने लाल पट्ट्यात जाऊन बसला होता. एका गॅरेजवाल्याने रेडिएटर धुतला, दुसऱ्याने पाण्याचा पंप बदलला, तिसऱ्याने तर इंजिनाचं हेडच उघडलं. काटा हलला नाही.

"पाणी उकळतं?" लवूने विचारलं.

"नाही."

"वाफ? जळका वास?"

"नाही. पण इंजिन बसेल म्हणून मी दर दोन किलोमीटरला थांबतो. ऑफिसला रोज लेट होतोय."

लवूने रेडिएटरला हात लावला. गरम होता, पण एप्रिलातल्या गाडीचा असावा तेवढाच. एवढ्यात सुचेता म्हणाली, "सकाळी पण काटा लालच असतो."

"अगं, आदल्या दिवशीची हीट असते ती," सबनीस म्हणाले. "तुला त्यातलं कळत नाही."

लवूने हातातला पाना खाली ठेवला. "साहेब, दोन मिनिटं गप्प बसता? वहिनी, सकाळी म्हणजे कधी? गाडी चालू करायच्या आधी?"

"हो. हे चावी नुसती फिरवतात ना, तेव्हाच. तिन्ही गॅरेजात सांगितलं मी. सगळे हसले."

"उद्या सात वाजता मीच येतो. आता गाडी घरी नेऊन लावा, मग मी येईपर्यंत चावीला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून जेसल पार्कात पोचला तेव्हा बिल्डिंगच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. रात्रभर उभी राहिलेली गाडी माठासारखी गार होती. लवूने चावी फिरवली, इंजिन चालू न करता. काटा सरळ लाल पट्ट्यात गेला.

"इंजिन गार, काटा लाल," लवू म्हणाला. "म्हणजे ताप काट्याला आहे, साहेब. तुम्ही भलत्याच पेशंटचं पोट फाडलंत."

त्याने इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली. आता काटा खाली पडायला हवा होता. पडला नाही. म्हणजे ती वायर वाटेत कुठेतरी सोलली जाऊन पत्र्याला टेकत होती आणि काटा त्यालाच ताप समजत होता. लवू डॅशबोर्डखाली डोकं घालून पडला, विजेरी मारत राहिला आणि थोड्या वेळाने आतूनच हसू लागला.

"वर गणपती कोणी बसवला?"

"मी," सबनीस म्हणाले. "फेब्रुवारीत. स्वतः स्क्रू मारला."

"तो स्क्रू आरपार जाऊन वायरीत घुसलाय."

सबनीसांचा चेहरा उतरला. त्यांनी नकळत गणपतीला हात जोडले. "काढावा लागेल? अपशकुन नाही ना होणार?"

"बाप्पाला काय, दोन इंच डावीकडे बसला तरी चालतं. तिथे वायर नाही." लवूने स्क्रू काढला, वायरीला टेप गुंडाळली. काटा तळाला आला. मग सेन्सरची वायर परत लावून इंजिन अर्धा तास चालवून पाहिलं. काटा मध्यावर येऊन थांबला. गॅलरीतून कोणीतरी हिंदीत विचारलं, "क्या निकला?" सबनीस खाली मान घालून गणपतीची नवी जागा बोटाने मोजू लागले.

जाताना लवूने चावी सबनीसांच्या हातात दिली नाही, सुचेताच्या दिली. "वहिनी, गाडी शिका. तुम्ही बघता नीट. हे नुसतं चालवतात."

सबनीस चिडले. आठवडाभर लवूचं नाव काढलं तरी उठून आत जायचे. पण पावसाळा संपल्यावर सुचेताने लायसन काढलं, आणि पुढची चार वर्षं सर्व्हिसिंगला गाडी तीच वरसाव्याला घेऊन यायची. लवू तिला स्टूल द्यायचा, चहा मागवायचा आणि गाडीत कुठून आवाज येतोय ते तिच्याकडून सविस्तर ऐकून घ्यायचा. शिव्या मात्र त्याने तिच्यासमोरही आवरल्या नाहीत.