आमच्या गल्लीची पाळी

परवा भर वैशाखात दुपारी वीज गेली. थांबत चाललेल्या पंख्याची कुरकुर ऐकली आणि मला नंदुरबारचं जुनं वीजघर आठवलं. आमचे हे तिथे इंजिन सांभाळायचे. उन्हाळ्यात गावात पंखे वाढले की इंजिन तापायचं. मग पाळीपाळीने एकेका गल्लीची वीज बंद ठेवावी लागे.

तेव्हाच्या अशाच एका दुपारी तापाने फणफणलेली तान्ही लेक घेऊन मी अनवाणीच वीजघरात धावले.

"पोरनं आंग तापी ऱ्हायनं, पंखा चालू करा ना!"

"आज आपलीच गल्लीनी पाळी शे," ते खाली बघत म्हणाले.

तापलेल्या इंजिनावर टाकायला भिजवलेलं तेलकट गोणपाट पिळून त्यांनी लेकीच्या अंगावर घातलं.

लेक राहिली नाही. त्या गोणपाटाचा मी कित्येक वर्षं राग धरला. आता कळतं, त्यांच्या हातात तेवढंच होतं.