निरोप जात नाही

माझी थोरली बहीण बदनापूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिला मधुमेह आहे. त्या दिवशी दुपारभर तिचा फोन बंद लागला, म्हणून मी जालन्याहून गाडी काढली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती स्वतःच्याच फोटोसमोर बसली होती. ओठ कोरडे, श्वास खोल आणि जलद, त्याला गोडसर वास. फ्रिजमधलं इन्सुलिनचं खोकं फोडलेलंही नव्हतं.

तिने सांगितलं, पुण्यातला एक उपचारक तिथूनच त्या फोटोवर ऊर्जा पाठवत होता. इन्सुलिन त्यानेच थांबवलं होतं. लहरी तुटू नयेत म्हणून फोनही बंद.

"एकदा गुंतलेले दोन कण कितीही दूर गेले तरी जोडलेले राहतात," ती म्हणाली. "मीच शिकवते हे."

"मंग माझा फोन का न्हाई लागला, ताई?"

"येड्या, बंद होता ना तो."

"त्या जोडणीतून काही पाठवता येतं का? पोरांनी विचारलं तर काय सांगशील?"

तिने फोटोकडे पाहिलं. वर्गात तिने जाणूनबुजून चुकीचं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली. "साधा निरोपसुद्धा जात न्हाई." मग तिने हात पुढे केला. "जल्दी दवाखान्यात ने. पाय उचलून न्हाई राह्यले."