मुखेडची सरासरी

लातूरच्या आमच्या कार्यालयात संपादकीय विभागाच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही लावलेला आहे. त्यावर बातम्या दिसत नाहीत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले तालुके एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येक तालुक्यासमोर चार चौकोन: आलेल्या बातम्या, दुरुस्त्या, वाचक आणि लागलेला वेळ. चौकोन हिरवा, पिवळा किंवा लाल असतो. आम्ही त्याला डॅशबोर्ड म्हणतो. तो मी तयार केला.

त्याआधी चौदा वर्षे मी नांदेडच्या डेस्कवर उपसंपादक होतो. नांदेडचा डेस्क बंद करून काम लातूरला हलवले, तेव्हा सहापैकी दोघांना ठेवले. मला एक्सेल येत होते म्हणून मी राहिलो. पद मिळाले प्रक्रिया समन्वयकाचे. तालुक्यातून निघालेली बातमी वेबसाइटवर आणि पानावर कशी व किती वेळात पोचते, हे मोजणे हे माझे काम.

‘लागलेला वेळ’ची व्याख्या माझीच होती. वार्ताहराचा पहिला निरोप अॅपमध्ये पडल्यापासून बातमी वेबसाइटवर जाईपर्यंतची मिनिटे. मर्यादा तीस. तीस हा आकडा अंदाजाने धरला. वीस मला कमी वाटली, पंचेचाळीस मुख्यालयाला पटली नसती. सलग तीन महिने सरासरी लाल राहिली तर वार्ताहराचा करार पुढे चालू ठेवायचा नाही, हा नियम मुख्यालयाचा होता. त्याचा मराठी मसुदा मी लिहिला.

मुखेडचा वेळेचा चौकोन पहिल्या महिन्यात लाल झाला, दुसऱ्यातही.

मुखेडच्या वार्ताहराने पन्नाशी ओलांडली होती. बसस्थानकासमोर त्याचे झेरॉक्सचे दुकान. बावीस वर्षे तो आमचे काम करत होता. मानधन नगण्य होते, घर दुकानावर चालायचे. पण तहसीलमध्ये त्याला खुर्ची मिळायची ती या कामामुळे, आणि गावात लोक त्याला ‘पेपरवाले काका’ म्हणायचे. दुसरी ओळख त्याने कधी केली नव्हती. फोनवर तो थट्टा करायचा.

“काय सर, आज कोणता रंग हाय माझा?”

“लाल.”

“लाल तर शुभ असतंय की. लग्नात नवरीला काय हिरवा टिळा लावतेत का?”

“अजून एक महिना लाल राहिला तर करार संपेल.”

“तुमच्या टीव्हीला सांगा, मुखेडात लई ऊन हाय. रंग उतरंल.”

मी त्याच्या दोन महिन्यांच्या बातम्या प्रकारानुसार लावून पाहिल्या. आठवडी बाजार, पंचायत समितीची बैठक, शाळेचे स्नेहसंमेलन, चोरी, या सगळ्या दहा-पंधरा मिनिटांत गेल्या होत्या. वेळ लागला होता तो फक्त मृत्यूच्या बातम्यांना. सहा तास, नऊ तास, एकदा अख्खा दिवस. सरासरी तिथे बिघडत होती. मी सकाळच्या एसटीने अहमदपूरमार्गे मुखेडला गेलो.

दुकानात तो एका मुलीच्या जातीच्या दाखल्याच्या प्रती काढत होता. हात न थांबवता त्याने सगळे सांगितले.

“सर, तुमच्याकडं लेकीला फोनवर सांगतेत का, बाप गेला म्हणून? न्हाई सांगत. सिरियस हाय म्हणतेत. लवकर ये म्हणतेत. ती येते, दारात माणसं दिसतेत, तवा तिला कळतंय. तवर बायका जवळ येऊन उभ्या असतेत, खाली पडू देत न्हाईत. आता मी बातमी सोडली, की तिला बसमधीच मोबाईलवर फोटो दिसंल. हार घातलेला.”

“मग निरोप उशिरा टाका. ती पोचली की टाका. घड्याळ तिथून सुरू होईल.”

“अन् जागा?”

जागा धरण्याची रीत मला माहीत होती. मजकूर पाकिटात घालून एसटीच्या वाहकाकडे दिला जायचा त्या काळातली ती आहे. पाकीट डेस्कवर पोचायला वेळ लागायचा, म्हणून वार्ताहर आधी फोन करून सांगायचा, दोन कॉलम जागा धरा, मजकूर येऊन राहिलाय. पान आखणारा तेवढी चौकट मोकळी सोडायचा. पाकिटे बंद झाली, फोन कमी झाले. मुखेडच्या वार्ताहराने रीत सोडली नाही. मृत्यू कळला की तो लगेच अॅपमध्ये नाव, गाव आणि फोटो टाकायचा आणि वर लिहायचा, थांबा. मजकूर सोडायचा तो घरचे माणूस पोचल्यावर. अॅपला ‘थांबा’ कळत नव्हते. अॅपच्या दृष्टीने तो पहिला निरोप होता आणि मिनिटे सुरू झाली होती.

“आता पान शेवटपर्यंत बदलता येते,” मी म्हणालो. “आधी सांगायची गरज नाही.”

“डेस्कला सांगितल्याबिगर बातमी दाबून बसलो, तर मी काय वार्ताहर झालो? उद्या तुम्हीच म्हणताल, मुखेडवाल्याला काई कळतच न्हाई.” त्याने प्रती मुलीच्या हातात दिल्या. “बघतो, सर.”

लातूरला परतल्यावर मी मुख्यालयाला पत्र लिहिले. मृत्यूच्या बातम्या सरासरीतून वगळाव्यात, किंवा ‘घरच्यांसाठी थांबवली’ असा वेगळा रकाना द्यावा. उत्तर एका ओळीचे आले. व्याख्या सर्व आवृत्त्यांसाठी समान राहील.

तिसरा महिना बरा गेला. मुखेडमधून मृत्यूच्या दोनच बातम्या आल्या आणि दोन्ही घरांत बाहेरून यायचे कोणी नव्हते. महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा सरासरी मर्यादेच्या आत होती. पण महिन्याच्या बातम्या मोजक्याच, त्यामुळे एक जरी कित्येक तास लांबली असती तरी लाल.

त्या दिवशी सकाळी सव्वादहाला निरोप आला. एक निवृत्त मुख्याध्यापक पहाटे हृदयविकाराने गेले होते. तालुक्यात ओळखीचे नाव. फोटो, वय, गाव, अंत्यविधीची वेळ. वर लिहिले होते, थांबा. लेक सोलापूरहून निघाली. ती आली की सांगतो, मग सोडा.

मिनिटे टीव्हीवर चालू दिसत होती. संध्याकाळपर्यंत थांबल्यास सरासरी किती होते ते मी काढले. पुन्हा काढले. सव्विसाव्या मिनिटाला मी त्याला फोन लावला. लागला नाही, तो त्या घरी असावा. बातमी सोडण्याचा अधिकार मलाही होता. मी ‘थांबा’ची ओळ पुसली, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, मथळा दिला आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला बटण दाबले. त्याचे काम वाचावे म्हणून मी हे केले. ते खोटे नाही. चौकोन लाल होणे मलाही नको होते, हेही खरे.

बारा वाजायच्या आधी त्याचा फोन आला.

“सर, बातमी कुणी सोडली?”

“मी.”

त्याच्या मागे बायकांचे रडणे ऐकू येत होते.

“पोरीनं बसमधी बघितली. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली. औशाला खाली उतरली अन् बसलीय, उठंना. भावानं तिच्या मोबाईलवर फोन लावला, तो कंडक्टरनं उचलला, तवा कळलं. बस तर निघून गेली. तुम्ही लातूरला हाव ना? जा तिकडं.”

मी मोटारसायकलने औशाला गेलो. बसस्थानकात सिमेंटच्या बाकावर पस्तिशीची एक स्त्री बसली होती. शेजारी तिची चारेक वर्षांची मुलगी केळे खात होती. दोन अनोळखी बायका पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, “तुम्ही घरचे का, दादा? बरं झालं आलात. बोलंना झालीय बगा.”

“तुम्ही कोण?” बाकावरच्या स्त्रीने विचारले.

“पेपरमधून आलोय. मुखेडच्या वार्ताहराने पाठवले.”

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. मी दिलेला मथळा होता.

“हे खरंय का? भाऊ म्हणाला सिरियस आहेत. आयसीयूत आहेत म्हणाला. तो कशाला खोटं बोलेल?” मी काही म्हणायच्या आत ती पुढे बोलली. “पेपरात चुका होतात की. मागं एकदा बाबांच्या सत्काराच्या बातमीत तुम्ही दुसऱ्याचाच फोटो छापला होता. दुसऱ्या दिवशी दिलगिरी दिली. बाबा लई हसले होते. तसं झालं असंल. एकदा बघा ना विचारून.”

मृत्यूच्या किती बातम्या माझ्या हाताखालून गेल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही. समोरच्या माणसाला तोंडाने ते सांगायची वेळ कधी आली नव्हती.

“बातमी खरी आहे,” मी म्हणालो.

“किती वाजता?”

“पहाटे.”

“मग मी डबा कुणासाठी केला?” तिने पिशवीकडे पाहिले. दवाखान्यातल्या माणसासाठी मऊ खिचडी करून आणली होती.

मी जीप ठरवली. त्या दोन बायकांनी तिला धरून आत बसवले. मी पुढे बसलो. मुखेड येईपर्यंत लहान मुलीने दोनदा विचारले, आजोबांच्या घरी पोचलो का. दोन्ही वेळा चालकाने उत्तर दिले, आलंच बेटा.

दारात बायका उभ्या होत्या. ती उतरताच त्या रडत पुढे आल्या आणि तिला धरू लागल्या. ती रडली नाही. त्यांच्या हातांतून निघून सरळ आत गेली. तिचा भाऊ मंडपाच्या खांबाजवळ होता. त्याने वार्ताहराला विचारले, “काका, तुम्हाला सांगितलं होतं ना? एवढं एकच सांगितलं होतं.”

“हाव,” वार्ताहर म्हणाला. “चूक झाली माझी.”

मी चार पावलांवर उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी मागच्या मागे मंडपाबाहेर पडलो. संध्याकाळच्या एसटीने लातूरला परतलो. मोटारसायकल औशाच्या स्थानकात होती, ती दुसऱ्या दिवशी आणली.

महिना हिरवा संपला. करार पुढे चालू राहिला. ते सांगायला मी फोन केला, तेव्हा तो “बरं” म्हणाला. मी माफी मागायला सुरुवात केली. “गिऱ्हाईक हाय, सर,” म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढचे मला आकड्यांतून कळले. त्या महिन्यानंतर मुखेडमधून मृत्यूची एकही बातमी आली नाही. तालुक्यात माणसे मरत होती. दुसऱ्या पेपरांत त्यांचे फोटो येत होते. आमच्याकडे प्रशासनाची पत्रके, बैठका आणि निवड-सत्कार येत होते, बारा-बारा मिनिटांत. मी कारण विचारले नाही. औशाहून मुखेडपर्यंत आलेल्या जीपचा चालक एकदा लातूरला भेटला; त्याची सासुरवाड मुखेडची, त्याने आपणहून सांगितले. काकांना आता कुणी काही सांगत न्हाई. दोन गल्ल्या पलीकडं कुणी गेलं तरी तिरडी दुकानासमोरून निघाल्यावर त्यांना कळतंय. तवा मशीन बंद करून उभे राहतेत.

सहा महिन्यांनी मुखेडचा वेळ दोन्ही जिल्ह्यांत सर्वांत कमी होता. मुख्यालयाने विचारणा केली की हे कसे साधले. सर्व तालुका वार्ताहरांना लातूरला बोलवावे आणि मुखेडचा नमुना समजावून सांगावा. मी नऊ स्लाइड केल्या. पहिल्या महिन्यापासूनचा आलेख काढला. तो एका जागी एकदम खाली येतो. त्या जागेला मी ‘कार्यपद्धतीत सुधारणा’ असे नाव दिले.

बैठक एका मंगल कार्यालयात झाली. मुख्यालयातून एक अधिकारी आले होते. मुखेडचा वार्ताहर तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याला उभे करून गुलाबाचे फूल दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी प्रकारनिहाय तक्ता दाखवला. मृत्यूच्या ओळीत शून्ये होती. धर्माबादचा वार्ताहर बाजारभावाच्या बातम्या देणारा, तोंडाचा मोकळा. त्याने मागून विचारले, “सर, मुखेडात आता कुणी मरंना का? आमच्याकडं तर रांग लागलीय. तिकडं राहायला जावं म्हणतो.”

सगळे हसले.

“मरतेत की,” मुखेडचा वार्ताहर बसल्या जागेवरून म्हणाला. “मला सांगत न्हाईत.”

हसणे थांबले. धर्माबादच्या वार्ताहराने पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अधिकाऱ्यांना बोली नीट कळली नव्हती. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, काय म्हणाले ते?

“काही नाही,” मी म्हणालो. “तिथे बातम्या कमी असतात.”

त्यांनी मान हलवली आणि पुढची स्लाइड लावायला सांगितली.